शेवटची ओळ

आमचा डोंगर पाटीच्या दगडाचा.
त्याचे पापुद्रे सोलून आम्ही बोटींवर चढवले,
कुठकुठल्या मुलखांतल्या पोरांनी
त्यांवर मुळाक्षरं गिरवली असतील.
नांत गारोगच्या वाट्याला धूळ आली,
आणि खोकला.

इथेल लढाईवरून परतला
तेव्हा त्याच्या बुटात एक कागद होता, चौघडी घातलेला.
सर्बियाच्या डोंगरात, सुवा लिपा नावाच्या गावाने
त्याला अकरा रात्री गवताच्या गंजीत लपवलं होतं.
तो निघाला, आणि चौथ्या दिवशी गाव जाळलं,
माणसांसकट.
त्याच्यामुळे की आणखी कशामुळे
ते तो बोलला नाही, आम्हीही विचारलं नाही.
वाचलेल्या शाळामास्तरांनी
मागाहून त्याला गाठून कागद हाती दिला.
‘यात नावं आहेत,’ एवढंच इथेलने सांगितलं.
सत्तेचाळीसच्या बर्फात तो गेला.

मग खाणीतल्या प्रत्येकाने
एका शनिवारची मजुरी टोपीत टाकली.
माझ्या बापाने छिन्नी धरली.
त्या लिपीतलं त्याला ओ की ठो कळत नव्हतं,
म्हणूनच बहुधा
एक काना इकडचा तिकडे झाला नाही.
पाळकांनी बँगरच्या ग्रंथालयातून
अक्षरांचे उच्चार उतरवून आणले.
चॅपलच्या भिंतीशी, घोड्यांच्या हौदाशेजारी
शिळा उभी राहिली: एकसष्ट ओळी.

दर ऑक्टोबरात एकेक घर एकेक ओळ वाचायचं.
आमच्याकडे स्तानिया आणि मिलोये.
बेकरीवाल्यांकडे वुकोसावा.
जिभेला वळणं नवी होती,
पण वेल्श माणूस अवघड नावांना भीत नाही.
शेवटची ओळ मार्गेडची.
एकटी बाई, नवरा खाणीत गाडलेला, मूलबाळ नाही.
ती खणखणीत म्हणायची:
पोशाल्यिते इग्ले.

पोशाल्यिते सात वर्षांची होती, असं मार्गेडने ठरवलेलं.
केस पिंगट. पुढचा दात पडलेला.
आम्ही मोठे झालो, आम्हांला पोरं झाली,
पोशाल्यिते सातचीच.
तिच्यासाठी हौदाच्या कडेवर
लोकरीचे पायमोजे ठेवलेले असायचे,
थंडी सुरू व्हायची ना तेव्हा.

त्रेसष्ट साली इस्पितळात नवी नर्स आली, देसांका.
त्याच मुलखातली, पण दूरच्या शहरातली.
पावसात आमच्यामागे उभी राहून साठ ओळी ऐकल्या तिने,
मान खाली घालून.
एकसष्टावीला एकदम वर पाहिलं.
‘हे कुणी मागितलं?’
कुणाला कळेना.
ती दगडापाशी गेली, बोट ठेवलं.
‘हे नाव नाही. इथे लिहिलंय,
सुया पाठवा.’

हौदात पाणी पडत होतं.
सोळा वर्षं.
मास्तरांनी साठ नावं लिहिली,
आणि उरलेल्या जागेत, उरलेल्यांसाठी,
फाटकं शिवायला.

बाप म्हणाला, ‘मी तासून काढतो.’
आवाज त्याचा नव्हता.
पाळक म्हणाले, विचार करू.
मार्गेड मात्र देसांकाची बाही धरून:
‘म्हणजे ती मेली नाही?’
‘ती नव्हतीच, बाई.’
‘म्हणजे मेली नाही,’ मार्गेड म्हणाली,
आणि त्या पावसातच घरी गेली.

ओळ तासली नाही.
काळ्या दगडावरची रेघ ती,
आणि मागणं अजून पुरं कुठे झालं होतं?
सोमवारी पोस्टात रांग लागली.
रफूच्या सुया, गोधडीच्या, गोणपाटाच्या दाभणी,
कुणी अंगुस्तानही घातलं.
खोकं वजनाला जड निघालं.
सुवा लिपा आता नकाशावर आहे का,
हे पोस्टमास्तरांनी विचारलं नाही,
फक्त पाठवणाऱ्याचं नाव विचारलं.

मार्गेडने पेन घेतलं.
सोळा वर्षं बोटाने गिरवलेली अक्षरं,
एकही न चुकवता,
खोक्याच्या कोपऱ्यात लिहिली:
पोशाल्यिते इग्ले,
नांत गारोग.